मुनीर सरांच्या वहीतली एक दुरुस्ती

आदरणीय सय्यद मुनीर सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते जमिनीवर आडवे झालेले होते.

मी केजच्या आपल्या संस्थेच्या कार्यालयात मुलाखतीसाठी आले होते. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आत पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ अनवाणी, एका लोखंडी पेटीशेजारी कुशीवर पडून रंगाच्या ब्रशने आतल्या पंख्यावरची धूळ झाडत होते. मला वाटलं, हे इथले शिपाई असतील. मी विचारलं, "मामा, कॉम्प्युटरचे साहेब कुठं भेटतील?"

ते न उठताच म्हणाले, "साहेब न्हाई आले आज. मामाच हाय. काय काम काढलं?"

मी कागद दाखवले. बीसीएसची पदवी, गुणपत्रिका. आमच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदाच आलेला, त्यामुळे मी तो प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घालून आणला होता. त्यांनी तो नीट वाचला, पुन्हा दोन्ही पिशव्यांत घातला आणि म्हणाले, "हे झालं कागदाचं. आता ओढणी खोचून घे, अन् आधी पेटीच्या पत्र्याला हात लाव. आपल्या अंगात बारीक वीज असती. ती इथं सोडायची, मग आत हात घालायचा. न्हाईतर आतल्या पार्टाला मारशील अन् तुला कळणार बी न्हाई."

मी पत्र्याला हात लावला. तीच माझी मुलाखत होती. हेच ते साहेब, हे मला चहा आल्यावर समजलं.

या गौरवग्रंथाच्या वाचकांपैकी अनेकांनी सरांना सभांमध्ये मागच्या रांगेत बसलेलं पाहिलं असेल. पण ती मागची खोली फार थोड्यांनी पाहिली आहे, म्हणून तिच्याविषयी आधी लिहिते. ती पेटी म्हणजे आपल्या संस्थेचा सर्व्हर. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या आरोग्याची नोंदवही तिच्यात आहे. ती पेटी दुसरं कोणतंही काम करत नाही. आपल्या तालुक्यातली बाई दिवाळीनंतर टोळीबरोबर कुठल्या कारखान्याच्या तळावर जाईल, हे मुकादमालाही आधी नक्की सांगता येत नाही. ती जिथं जाईल तिथल्या दवाखान्यात तिची मागची बाळंतपणं, तिचं रक्त, तिला काय सोसत नाही, हे एका फोनवर कळावं, यासाठी ही नोंदवही आहे. माझी आई पंधरा वर्षं कोयता घेऊन गेली. तिची अशी नोंद कुठंच नव्हती. त्यामुळे या कामाकडे मी नोकरी म्हणून कधी पाहू शकले नाही.

सरांचं शिक्षण फार झालेलं नाही. तरुणपणी त्यांनी पाटोद्याच्या बाजारात रेडिओ दुरुस्त केले, नंतर टेलिफोनच्या खात्यात लागले आणि उमेदीची सगळी वर्षं तारा जोडण्यात घालवली. संगणक ते चाळिशीनंतर शिकले. इंग्रजी पुस्तकं शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. त्या पुस्तकांच्या समासात त्यांनी उर्दूत आणि मराठीत लिहिलेले अर्थ मी पाहिले आहेत. एका पानावर एकच शब्द तीनदा लिहून तीनदा खोडलेला होता. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तीन दिवस लागले त्याला. चौथ्या दिवशी पेटी उघडून बघितली, मग कळला."

मी रुजू झाले तेव्हा सर्व्हर जुना झाला होता. एक नाव शोधायला इतका वेळ लागायचा की आपल्या आरोग्यसेविका कांताताई नाव टाकून चहा ठेवायच्या. नवीन यंत्र घेणं संस्थेला शक्य नव्हतं. सर म्हणाले, पेटी हीच राहील, आतलं एकेक बदलू. तो सगळा काळ मी त्यांच्या शेजारी बसून काढला. जे शिकले ते कॉलेजात शिकले नव्हते.

त्यांचा पहिला नियम, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रॅमच्या नव्या पट्ट्या आल्या, त्याच दिवशी नवा वीजपुरवठ्याचा डबाही आला. मी म्हणाले, पेटी उघडलीच आहे तर दोन्ही बसवू. सर म्हणाले, "कावून? उद्या बिघडलं तर कुणाला विचारायचं, ह्याला का त्याला?" डबा बसवला आणि आठ दिवस नुसतं लक्ष ठेवलं. मग पट्ट्या. पट्टी बसवताना ते दोन्ही अंगठे दोन टोकांवर ठेवून श्वास रोखायचे आणि 'टक्' असा आवाज आला की सोडायचे. तो आवाज आला नाही तर पट्टी काढून, पुसून, पुन्हा. पट्ट्या बसल्या त्या दुपारी कांताताईंनी नाव टाकलं आणि ओरडल्याच, "अगं बाई, आलं बी! आता आमच्या चहाचं काय?"

सर म्हणाले, "चहा सुटला तुमचा. पेटीला दुवा द्या."

दुसरा नियम वहीचा. पेटी उघडली की जाड पुठ्ठ्याच्या वहीत लिहायचं: काय काढलं, कुठून काढलं, काय बसवलं, कोणी बसवलं. त्या वहीत खाडाखोड चालत नाही. चुकलं तर खाली नवी ओळ लिहायची, 'वरील नोंदीत दुरुस्ती' म्हणून. या लेखाला मी दिलेलं नाव तिथूनच आलं आहे. त्याचं कारण पुढे येईल.

तिसरा नियम मला सुरुवातीला फाजील वाटायचा. दर शुक्रवारी नमाजनंतर सर येत आणि सगळ्या नोंदींची जी प्रत आपण काढून ठेवतो ती कोपऱ्यातल्या एका जुन्या संगणकावर पुन्हा उतरवत. मग डोळे मिटून तीन नावं सांगत. मी ती नावं त्या प्रतीतून काढून वाचायची आणि कांताताईंनी आपल्या कागदावरून पडताळायची. एकदा मी कुरकुरले, "सर, प्रत तर निघालीय. संदेश आलाय तसा."

"निघाली हे यंत्र सांगतंय. परत उतरती का, हे कोण सांगणार? बेटा, जी परत आणून बघितली न्हाई ती प्रत हाय असं धरायचंच न्हाई."

सरांच्या स्वभावातली ऋजुता सांगताना माझ्या वडिलांची भेट सांगायला हवी. मी दिवसभर काय करते हे त्यांना समजत नव्हतं. 'गार खोलीत बसती' एवढंच ते गावात सांगायचे. एका बाजाराच्या दिवशी ते कार्यालयात आले. सरांनी त्यांना स्वतःची खुर्ची दिली, मग त्या खोलीत नेलं आणि पेटीमागच्या गरम वाऱ्यासमोर त्यांचा हात धरला.

वडील म्हणाले, "लई आवाज करतंय की. गिरणीवानी."

"गिरणीच हाय, दादा. फक्त पीठ दिसत न्हाई."

"बंद कवा करता?"

"बंद न्हाई करत. रात्रंदिवस."

"म्हंजी हे बी आमच्याच टोळीतलं म्हणा!"

दोघं इतके हसले की शेजारच्या खोलीतून माणसं पाहायला आली. निघताना सर वडिलांना म्हणाले, "तुमच्या लेकीच्या हाताला घाई न्हाई. असा हात लवकर मिळत न्हाई." वडील ते वाक्य आजही पाहुण्यांना सांगतात. ते वाक्य खोटं ठरण्याची वेळ मात्र त्यानंतर लवकरच आली.

शेवटचं काम डिस्कचं होतं. नोंदी चार डिस्कवर मिळून लिहिलेल्या असतात, चार खणांत चार. रचना अशी की एक डिस्क गेली तरी उरलेल्या तीन मिळून तिचं काम सांभाळतात. दोन गेल्या की सगळं थांबतं. सर जुन्या डिस्क एकेक करून बदलत होते. एक काढायची, नवी घालायची, नवीवर सगळं उतरेपर्यंत थांबायचं, मग काही दिवसांनी पुढची. दोन झाल्या होत्या, दोन राहिल्या होत्या. त्या आठवड्यात सर बीडजवळच्या पालीला बहिणीकडे गेले होते. बुधवारी सकाळी पडद्यावर संदेश आला, दोन नंबरची डिस्क बंद पडली. जुनीच होती ती. मी फोन केला.

सर म्हणाले, "बदलायचीच होती, तिनं आधीच सुट्टी घेतली. नवी कपाटात हाय. तूच बदल."

"मी एकटी, सर?"

"मग काय, वरात आणू का?"

कुठली डिस्क बंद पडली ते दाखवणारे पेटीच्या पुढचे छोटे दिवे कधीच गेले होते आणि खणांवरचे आकडे पुसले होते. यंत्र शून्यापासून मोजतं हे मला पाठ होतं. पहिला खण शून्य, मग एक, मग दोन. म्हणजे दोन नंबर हा तिसरा खण. परीक्षेत विचारलं असतं तर झोपेतही सांगितलं असतं. पण त्या दिवशी मी एकटी होते आणि खणांवर बोट ठेवून मोठ्याने मोजलं. वडील खळ्यावर ज्वारी मापताना मोजतात तसं मोजलं. आमच्याकडे पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन. लहानपणापासून मी पोत्याचं तोंड धरून तेच ऐकत आले. बोट दुसऱ्या खणावर होतं आणि तोंडून 'दोन' आलं. मी ती डिस्क ओढली.

ती चांगली डिस्क होती. सरांनी पंधरा दिवसांपूर्वी बसवलेली. पेटी एकसुरी ओरडू लागली आणि पडदा थांबला.

मी सरांना फोन लावला. काय बोलले ते मला आठवत नाही. सरांचं मात्र आठवतं. "कशाला हात लावू नको. काढली ती परत घालू नको, बंद करू नको. यायलोय. पाणी पी."

त्यानंतर थोड्याच वेळात कांताताईंचा फोन आला. त्या तेव्हा पश्चिमेकडच्या एका कारखान्याच्या तळावर होत्या. आपल्या तालुक्यातली सुमन तिथं अडली होती आणि त्यांनी तिला जवळच्या दवाखान्यात आणलं होतं. आठवा संपलेला, बाळ आडवं, शस्त्रक्रिया करावी लागणार होती. मागच्या बाळंतपणात एका इंजेक्शनानंतर सुमनचा श्वास कोंडून ती जवळजवळ गेली होती. ते इंजेक्शन कोणतं, हे डॉक्टरांना हवं होतं. सुमनला एवढंच आठवत होतं की बाटलीचं झाकण लाल होतं. जुन्या दवाखान्याचा कागद तळावरच्या पाचटाच्या कोपीत भिजून लगदा झाला होता.

"तू लिहून घेतलंस ना अश्विनी, सोमवारी? तिनं फोनवर कागदाचा फोटो धाडला होता बघ. तो फोन बी गेला तिचा."

घेतलं होतं. सोमवारी फोटो कांताताईंच्या फोनवरून आला, मी त्यावरून नोंद केली आणि त्यांनी शिस्तीप्रमाणे फोटो पुसला, कारण बायांची माहिती कुणाच्या फोनमध्ये राहू द्यायची नाही, असा आपला नियम आहे. मी कोपऱ्यातल्या संगणकावर शुक्रवारची प्रत उघडली. सुमन होती, तिचं गाव होतं, रक्तगट होता. इंजेक्शनाची ओळ नव्हती. ती सोमवारची. ती फक्त त्या ओरडणाऱ्या पेटीत होती.

मी सरांना पुन्हा फोन करून सांगितलं. मागे जीपचा आवाज येत होता. ते म्हणाले, "वाटेत मांजरसुंब्याला हाय मी. डॉक्टरला विचार, किती थांबता येईल."

डॉक्टरांनी दुपारी चारपर्यंतची वेळ दिली.

सर अडीचच्या सुमारास आले. चपला दारात काढल्या, पेटीच्या पत्र्याला हात लावला. मला रागावतील अशी मी वाट पाहत होते. त्यांनी विचारलं, "काढल्यावर कशाकशाला हात लावला?"

"कशालाच नाही."

"पक्कं?"

"पक्कं, सर."

"मग अजून काही गेलं न्हाई. आता मोजून दाखव, कसं मोजलंस."

मी बोट ठेवलं. लाभ, दोन. सर माझ्या बोटाकडे पाहत राहिले आणि मग कपाळाला हात लावून म्हणाले, "या अल्ला. मी बी खळ्यावर वाढलेला, अन् मलाच सुचू न्हाई!"

त्यानंतरचा तास मी आयुष्यात विसरणार नाही. सर पडद्यावरची प्रत्येक ओळ आधी वहीत उतरवत होते, मग पुढचं बटण दाबत होते. घड्याळ समोर होतं. सुमन तिकडे टेबलावर होती. कांताताईंचे फोन येत होते आणि सर त्या प्रत्येक फोनला "चालू हाय, ताई" एवढंच म्हणत होते. मी एकदा न राहवून म्हणाले, "सर, नुसती परत घालून बघू ना." ते म्हणाले, "पेटीला आत्ता कळत न्हाई कुठली खरी. आपण घाईनं चुकीचं सांगितलं तर ती चुकीचंच खरं धरून लिहील. मग सोमवार कायमचा गेला." पेटी रीतसर बंद केली. काढलेली डिस्क तिच्याच खणात घातली. पुन्हा सुरू केली. यंत्राने विचारलं, बंद पडलेली सोडून उरलेल्या तिघींवरची जुनी रचना मान्य करू का? सरांनी ते वाक्य मला मोठ्याने वाचायला लावलं, अर्थ सांगायला लावला, आणि तो बरोबर आहे असं दोघांचं ठरल्यावरच 'हो' केलं.

पडदा उजळला. नोंदवही उघडली. आधी सर प्रत काढतील की सुमनची ओळ शोधतील? त्यांनी सुमनला शोधलं. ओळ होती. मी इंजेक्शनाचं नाव फोनवर एकेक अक्षर करून वाचलं, तिकडून डॉक्टरांनी परत वाचून दाखवलं. पावणेचार झाले होते. मग सरांनी सोमवार ते बुधवारच्या नोंदी कोपऱ्यातल्या संगणकावर उतरवल्या, आणि त्यानंतरच ते खुर्चीवर बसले. त्यांच्या शर्टाची पाठ पूर्ण भिजली होती.

दिवस मावळायच्या आत कांताताईंचा फोन आला. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. "डॉक्टर म्हणले, नेहमीचं तेच इंजेक्शन भरून ठेवलं होतं सिस्टरनं. बाजूला ठेवलं." सरांनी हे ऐकलं, उठले आणि हात-पाय धुऊन नमाजला गेले.

परत आल्यावर त्यांनी वही ओढली. मी खांद्यावरून पाहिलं. त्यांनी लिहिलं होतं: 'चुकीच्या खणातील डिस्क काढली गेली. कारण, खणांना चिठ्ठ्या लावलेल्या नव्हत्या. चूक: सय्यद मुनीर.'

मी म्हणाले, "सर, काढली मी."

"काढलीस तू. अंधारात कुणी काढायला लावली? मी."

संस्थेच्या सभेत अध्यक्ष बाईंनी ती नोंद वाचली तेव्हाही सर उभे राहिले आणि हेच म्हणाले. मी मागे बसले होते. माझी नोकरी नवी होती आणि मला तेव्हा उभं राहता आलं नाही. म्हणून आज, त्यांच्या साठीच्या ग्रंथात, त्यांच्याच पद्धतीने लिहिते. वरील नोंदीत दुरुस्ती: डिस्क अश्विनीने काढली. मोजण्यात तिची चूक झाली. सय्यद मुनीर सरांनी ती निस्तरली. हे लिहिणार आहे असं मी सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "लिही. पण चिठ्ठ्यांचं खोडायचं न्हाई. ते माझंच हाय."

त्या बुधवारनंतर मला वाटलं होतं, आता सर मला पेटीजवळ फिरकू देणार नाहीत. आणि खरं सांगायचं तर मलाही ते हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर चारही खणांवर सरांच्या अक्षरात चिठ्ठ्या होत्या, शून्य, एक, दोन, तीन, आणि नवी डिस्क टेबलावर ठेवलेली होती. बंद पडलेली दोन नंबर अजून पेटीतच होती.

"बदल," सर म्हणाले.

"तुम्ही बदला, सर. मी बघते."

"बघून झालंय तुझं."

असं म्हणून ते चहाचा कप घेऊन बाहेर गेले आणि पायरीवर बसले. दाराकडे पाठ करून. मी कितीतरी वेळ उभी होते. ते एकदाही वळले नाहीत. आदल्या दिवशी ज्या हातांनी सगळं घालवलं असतं त्याच हातांच्या भरवशावर हा माणूस रस्त्यावरच्या गाड्या पाहत चहा पीत होता. मी पत्र्याला हात लावला, चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली आणि डिस्क ओढली. पेटी ओरडली नाही. नवी बसवली. पडद्यावर काम सुरू झाल्याचा संदेश आला.

बाहेरून सरांनी विचारलं, "झालं?"

"झालं, सर."

"मग वहीत लिही. तुझ्या नावानं."

विद्वत्ता मी कॉलेजात पाहिली होती. मोठी भाषणंही ऐकली होती. पण दुसऱ्याची चूक आपल्या नावावर लिहिणारा आणि त्याच्या हातचं चांगलं काम मात्र त्याच्याच नावावर लिहायला लावणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. त्याच्या जवळ बसून काम शिकायला मिळालं, याचं मला अजून नवल वाटतं.

सर, आपल्याला साठावं लागलं, असं सगळे म्हणतात. पेटीपुढे मांडी घालून बसताना आपले गुडघे आता कुरकुरतात हेही आम्ही पाहतो. आपली प्रकृती उत्तम राहो, दृष्टी बारीक स्क्रू दिसण्याइतकी तेज राहो आणि आपल्याला शंभर वर्षांचं सुखाचं आयुष्य मिळो. त्या मागच्या खोलीतलं सगळं आमच्या हातून नीट होत राहो आणि आपण रोज सकाळी पायरीवर बसून, आमच्याकडे पाठ करून, निवांत चहा पीत राहावं, एवढीच माझी प्रार्थना आहे.